एसटीपीवरच्या हवेतले विषाणू : जाळीपाशी उभ्या माणसाचं काय?

पंचगंगाकाठी
रविवार, रात्री ९.२०

माझा धाकटा भाऊ गेल्या जूनपासून एका सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पावर, म्हणजे एसटीपीवर, ऑपरेटर आहे. प्रकल्प आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातलाच. नाव लिहीत नाही, कारण त्याची नोकरी कंत्राटी आहे. लागल्यापासून तीन महिन्यांत त्याला चार वेळा जुलाब झाले आणि दोनदा डोळे आले. घरात सगळ्यांनी बाहेरच्या खाण्याला दोष दिला. पण डबा मीच भरून देते आणि तो बाहेर चहासुद्धा घेत नाही.

एका रविवारी डबा विसरला म्हणून मी द्यायला गेले. दिवस मावळतीला आला होता, ऊन तिरपं होतं. सांडपाणी जिथे आत येतं तिथे जाळी आहे, त्याखाली पाणी जोरात आदळतं. तिरप्या उन्हात तिथली हवा चमकताना दिसत होती, हिवाळ्यात सकाळी धुकं चमकतं तशी. दोन मिनिटं उभी राहिले तर चष्म्याच्या काचेवर बारीक ठिपके. पदराने पुसून पुन्हा घातला, पुन्हा ठिपके. आणि त्याच जागी उभा राहून भाऊ माझ्या हातातल्या पिशवीतली शंकरपाळी तोंडात टाकत होता. मी त्याच्या हातावर चापट मारली. नंतर रात्रभर झोप लागली नाही.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते, मूळ शिक्षण मायक्रोबायोलॉजीचं. त्यामुळे ठिपके म्हणजे काय हे मला कळत होतं. गेले दोन महिने मिळेल ते वाचते आहे, ते इथे मांडते.

सांडपाण्यात माणसाच्या पोटातून बाहेर पडणारे विषाणू भरपूर असतात: अडिनो, नोरो, रोटा, एन्टेरो, कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई. पोलिओचा माग काढायला मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचेच नमुने तपासतात, ते याच कारणाने. हे विषाणू आपणहून उडत नाहीत. त्यांना हवेत नेतं ते पाणी. नुकत्याच फोडलेल्या सोड्याच्या ग्लासावर तळहात धरून बघा, बारीक टोचल्यासारखं लागतं. बुडबुडा वर येऊन फुटला की त्याचा पातळ पापुद्रा फाटून अगदी बारीक थेंब उडतात आणि खळग्यातून एक छोटी धार वर उसळते, तिचेही थेंब होतात. शिवाय बुडबुडा वर येताना वाटेतली घाण स्वतःला चिकटवून आणतो. त्यामुळे उडालेला थेंब खालच्या पाण्यापेक्षा जास्त घाण असू शकतो. एरेशन टाकीत, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीत, असे बुडबुडे रात्रंदिवस फुटत असतात.

थेंब किती वेळ हवेत राहणार ते त्याच्या आकारावर. १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब माणसाच्या उंचीवरून पाच-सहा सेकंदांत खाली पडतो. १० मायक्रॉनचा आठेक मिनिटं घेतो. १ मायक्रॉनचा कण वारा नसला तरी अर्धा दिवस तरंगतो. आणि विषाणू तर मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही लहान. थेंब सुकला तरी उरलेल्या कणात तो बसून राहतो.

भावाला जे झालं ते यामुळेच, असं मी म्हणत नाही. कसलीच तपासणी झालेली नाही. पण अडिनोचे काही प्रकार डोळे आणतात आणि काही जुलाब करतात, हे वाचल्यावर मी वही मिटून बसले होते.

इथे कोणी या कामात असेल, शेजारी राहत असेल, तर लिहा.

मंगळवारपेठ_६५
रविवार, रात्री १०.०५

ताई, लेख चांगला आहे. पण एक काळजी वाटते. हे वाचून उद्या लोक म्हणतील, आमच्या भागात एसटीपी नको. मी जयंती नाल्याच्या काठावर वाढलो. पावसाळ्यात नाला भरून पंचगंगेत कसा मिसळतो ते लहानपणापासून बघतोय. प्रकल्प नसला तर हेच पाणी सरळ नदीत, आणि नदीचं पाणी पुढच्या गावांच्या नळाला. भीती पसरवताना याचा विचार व्हावा.

पंचगंगाकाठी
रविवार, रात्री १०.३०

अगदी बरोबर, काका. एसटीपी हवीच. कसबा बावड्यात ७६ एमएलडी, दुधाळीत १७ एमएलडी, म्हणजे दोन्ही मिळून रोज ९ कोटी ३० लाख लिटरची क्षमता. त्याच्याविरुद्ध माझा एक शब्द नाही. माझं म्हणणं एवढंच, की शहराची घाण जो स्वतःच्या अंगावर घेतो त्याच्या नाकातोंडात काय जातं हे कोणी विचारत नाही. वास आला की आपण तक्रार करतो. तो तिथे आठ तास उभा असतो.

गच्चीवरची_बाग
सोमवार, सकाळी ७.१५

आमचं घर नाल्यापासून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी वारा फिरला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. मुलगा पाच वर्षांचा आहे. वास येतो म्हणजे विषाणू पण येतात का? प्लीज कोणीतरी सांगा.

पंचगंगाकाठी
सोमवार, दुपारी १.४०

नाही. वास हा वायू आहे, मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड. त्याची चाहूल आपल्या नाकाला अगदी थोड्या प्रमाणातही लागते, म्हणून तो लांबवर जाणवतो. विषाणूला यायला थेंब किंवा सुकलेला कण लागतो. तो वाऱ्यात पांगत जातो, मोठे थेंब पडून जातात आणि ऊन त्याला मारतं. जितकं दूर जाल तितकं प्रमाण झपाट्याने घटतं. तुमच्या मुलाला हात न धुता खाल्ल्याने किंवा न उकळलेल्या पाण्याने होणारा धोका त्या वाऱ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. खिडकी वासासाठी लावा, भीतीपोटी नको.

फक्त नाल्यावरून पाणी बंधाऱ्यासारखं कोसळत असेल आणि तुषार उडत असतील, तर त्या जागी मुलांना खेळू देऊ नका.

रात्रीची गोष्ट मात्र थोडी वेगळी. ऊन नसतं, आणि निरभ्र रात्री थंड हवा जमिनीलगत साचून राहते, वारा पडलेला असतो. थेंब पांगत नाहीत. हे मी दूरच्या घरांसाठी नाही, रात्रपाळीच्या माणसांसाठी लिहिते आहे.

रात्रपाळी
सोमवार, रात्री ११.५०

ताई नमस्कार. मी अकरा वर्षं झाली ह्याच कामात हाय. आता पण ड्युटीवरच हाय. कुठं ते मी पण लिवत न्हाई.

जाळीत काय अडकतंय ते सांगतो. केसांचं गुंतवळ, डायपर, गुटख्याच्या पुड्या, कापडं, देवाची फुलं, एकदा तर आख्खी उशी. दाताळ्यानं वडायचं, निथळू द्यायचं, मग हातगाडीत टाकायचं. अडकलेलं सुटलं की दाताळं झटका मारतंय आणि शिंतोडा सरळ तोंडावर. तुमी म्हणताय ते बारीक थेंब दिसत न्हाईत, पर ह्यो शिंतोडा तर रोजचाच हाय.

आणि जाळी साफ झाली की पाइप लावून जोरात पाणी मारायचं. त्यावेळी सगळीकडं धूरच धूर. आमी त्याला धूरच म्हणतोय.

मास्क दिल्यात. पर दाताळं वडताना पाच मिंटात घामानं वला हुतोय, मग श्वास लागतोय. मग गळ्यात येतोय. खोटं कशाला बोलू.

पंचगंगाकाठी
मंगळवार, सकाळी ६.३०

दादा, तुम्ही लिहिलंत त्याचे आभार कसे मानू? सकाळी उठल्याबरोबर भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “आमच्यात पण धूरच म्हणतात.”

तुमचा हा धूर म्हणजेच सगळ्यात वाईट जागा. मी जे वाचलंय त्यात पाणी आत येण्याची जागा, जाळी, ग्रिट चेंबर (वाळू-खडे खाली बसवायची टाकी) आणि गाळ दाबून किंवा सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून सुकवायची खोली, या जागा पुन्हा पुन्हा पुढे येतात. एरेशन टाकी त्यानंतर. टाकीच्या तळाशी डिफ्युजर असतील, बारीक बुडबुड्यांचे, तर हवेत थेंब कमी जातात. वरून पाणी घुसळणारे जुने एरेटर असतील तर खूपच जास्त.

आता तुमच्या हातात जे आहे ते. पाइपचं प्रेशर कमी ठेवून धुवा, वेळ लागला तरी चालेल. वारा पाठीवर घ्या, तोंडावर नको. मास्क ओला झाला की तो निकामी, श्वास त्यातून न जाता कडेने जातो. म्हणून एका पाळीला तीन-चार तरी हवेत, आणि ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. तोंडासमोरची पारदर्शक ढाल शिंतोडा आणि डोळे वाचवते, पण हवेतला बारीक कण बाजूने आत येतो. तेवढ्यासाठी एन ९५ लागतोच. दोन्ही एकत्र सगळ्यात बरं. निदान धुताना तरी, ती दहा मिनिटं.

आणि एक गोष्ट पुस्तकात वाचून मीही चकित झाले. हे पोटाचे विषाणू श्वासातून गेले तरी पोटात कसे पोचतात? मोठे थेंब फुप्फुसापर्यंत जातच नाहीत. नाकात, घशात अडकतात, तिथला चिकट स्राव त्यांना मागे ढकलतो आणि आपण नकळत गिळतो. म्हणजे नाकाने घेतलेलं तोंडाने खाल्ल्यासारखंच.

इचलकरंजीकर
मंगळवार, दुपारी २.२०

२०१२ चा उन्हाळा आठवला. आमच्या गावात काविळीची साथ आली होती, हिपॅटायटिस ई ची. घरटी एक माणूस पिवळा. आमच्या गल्लीत एका घरातली गरोदर सून गेली, तो दिवस मी विसरू शकत नाही. तेव्हापासून आमच्याकडे पाणी उकळल्याशिवाय कोणी पीत नाही. ताई, ही कावीळ हवेतून पण येते असं म्हणायचंय का तुम्हाला? मग तर पाणी उकळून काय उपयोग?

पंचगंगाकाठी
मंगळवार, रात्री ८.४५

दादा, पाणी उकळणं सोडू नका. तीच खरी ढाल आहे. ई ची कावीळ पसरते ती सांडपाणी मिसळलेल्या पिण्याच्या पाण्यातून. दिल्लीत १९५५-५६ मध्ये नजफगड नाल्याचं पाणी यमुनेतल्या पाणी उपसण्याच्या जागेकडे उलटं सरकलं आणि सुमारे २९ हजार माणसांना कावीळ झाली. ती ई ची होती हे पुष्कळ वर्षांनी जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांतून कळलं.

हवेबद्दल विचारलंत म्हणून सांगते. स्वित्झर्लंडमध्ये ३१ प्रकल्पांवर हवेचे नमुने घेतले होते, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात. अडिनो जवळपास प्रत्येक नमुन्यात सापडला. नोरो शंभराहून जास्त नमुन्यांपैकी फक्त तिनांत. आणि हिपॅटायटिस ई एकाही नमुन्यात नाही. तिथे ई ची साथ आपल्यासारखी नसते, त्यामुळे आपल्याकडे तसंच निघेल असं मी म्हणणार नाही. पण हवेची भीती घेऊन पाण्याकडे दुर्लक्ष झालं तर ती फार मोठी चूक होईल.

ट्यूशनवाला
मंगळवार, रात्री ९.३०

जवळपास प्रत्येक नमुन्यात अडिनो, म्हणजे तिथले सगळे कामगार आजारी पडले का? की सापडणं वेगळं आणि लागण होणं वेगळं?

पंचगंगाकाठी
मंगळवार, रात्री १०.१०

वेगळंच. हवा शोषून घेऊन तिची पीसीआर करतात, त्यात विषाणूच्या जनुकाचा तुकडा मोजला जातो. उन्हाने, कोरडेपणाने निकामी झालेल्या विषाणूचाही तुकडा त्यात येतो. तो जिवंत आहे का हे बघायला पेशींवर वाढवून बघावं लागतं. ते अवघड आहे, नोरो तर प्रयोगशाळेत सहजासहजी वाढतच नाही. शिवाय हवेचा नमुना घेताना यंत्रातच विषाणूची मोडतोड होते. म्हणून हवेत किती जिवंत विषाणू आहेत याचा नेमका आकडा काढणं कठीण असतं. अडिनोला वरचं चरबीचं वेष्टन नसतं, त्यामुळे तो चिवट आहे, एवढं नक्की. करोनाला ते वेष्टन असतं, म्हणून तो सांडपाण्यात लवकर मोडतो.

जुन्या कामगारांचं शरीर बऱ्याच विषाणूंना ओळखायला लागतं. नव्यांना सुरुवातीचे महिने जड जातात. भावाचे पहिले तीन महिने आठवतात मला.

नागाळापार्क_बी
बुधवार, सकाळी १०.००

हे सगळं मोठ्या प्रकल्पांचं चाललंय. आमच्या अपार्टमेंटला तळघरात छोटी एसटीपी आहे. पार्किंगच्या कोपऱ्यात. मी काल रात्री हा धागा वाचून खाली गेलो. खोलीत दिवा लावला तर भिंती ओल्या, छताला थेंब लटकलेले. एक्झॉस्टचा पाइप पार्किंगमध्येच सोडलाय, बाहेर नाही. आणि ब्लोअररूमच्या, म्हणजे टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राच्या खोलीच्या, दाराला लागून आमच्या वॉचमनकाकांची खाट. ब्लोअरची ऊब मिळते म्हणून थंडीपासून ते तिथेच झोपतात. दोन वर्षं मी रोज तिथून गाडी काढतोय आणि मला हे दिसलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

पंचगंगाकाठी
बुधवार, दुपारी १२.१५

खाट आजच हलवा. बाकीचं नंतर.

उघड्या जागेत वारा पांगवतो, ऊन मारतं. तळघरात यातलं काहीच नाही. जे उडालं ते तिथेच फिरत राहतं. एक्झॉस्टचा पाइप गच्चीच्या वर न्यायला हवा आणि पंखा सतत चालू हवा. विजेचं बिल वाचवायला बंद करतात, तसं नको. टाकीला झाकण असेल तर ते बसवलेलं असू द्या. खोलीत आत जाताना आधी दार उघडून पंखा लावून थांबा. हे विषाणूपेक्षा हायड्रोजन सल्फाइडसाठी सांगते. तो जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं हवा बरी आहे. गटारात उतरलेली माणसं तिथेच पडतात ती यामुळे.

प्रक्रिया केलेलं पाणी बागेला घालता ना? फवारा मारत असाल तर तो बंद करून ठिबक लावा.

पाइपफिटर
बुधवार, रात्री ९.००

मी प्लंबिंगचं काम करतो, वीस वर्षं. ताईंनी एसटीपीचं लिहिलं, मी घरातलं सांगतो.

बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये कायम पाणी असायला पाहिजे. ते पाणीच गटाराची हवा अडवतं. पाहुण्यांची बाथरूम महिनामहिना वापरत नाहीत, उन्हाळ्यात ते पाणी सुकून जातं. मग लोक मला बोलावतात, वास येतोय म्हणून. मी एक तांब्या पाणी ओततो आणि वास जातो. पैसे घ्यायला लाज वाटते.

हाँगकाँगमध्ये २००३ साली सार्सची साथ आली, तेव्हा ॲमॉय गार्डन्स नावाच्या वसाहतीत तीनशेच्या वर माणसांना लागण झाली. तपासात हेच निघालं, ट्रॅप सुकलेले, आणि बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा लावला की तो मैल्याच्या पाइपातली हवा आत ओढायचा. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, आठवड्याला एक तांब्या पाणी न वापरलेल्या ट्रॅपमध्ये ओता.

गच्चीवरची_बाग
बुधवार, रात्री ९.२५

आमची मागची बाथरूम बंदच असते. आत्ता जाऊन दोन तांबे ओतून आले. धन्यवाद दादा.

निवृत्त_सिस्टर
गुरुवार, दुपारी ४.००

पंचगंगाकाठी, तुझ्या भावाला हिपॅटायटिस ए ची लस दे. दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. आमच्या पिढीला ही कावीळ लहानपणीच होऊन जायची, कळायचीही नाही, आणि शरीर तयार व्हायचं. आता स्वच्छ घरात वाढलेली पोरं पंचविशीत पहिल्यांदा या विषाणूला सामोरी जातात, आणि मोठेपणी ही कावीळ जोरात होते. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते बघ, जाळीत पत्रे-काचा असतात. टायफॉइडची लस पण दे, तो विषाणू नसला तरी त्याच पाण्यात असतो.

घरात कोणी गरोदर आहे का? असेल तर भावाने कामावरचे कपडे घरात आणूच नयेत. ई ची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतते, इचलकरंजीच्या दादांनी लिहिलंच आहे.

पंचगंगाकाठी
गुरुवार, रात्री ८.१०

सिस्टर, भावजय सहा महिन्यांची आहे. म्हणूनच हा धागा काढला, पण ते पहिल्या दिवशी लिहिण्याची हिंमत झाली नाही.

या आठवड्यात केलं ते सांगते. भाऊ आता कामाचे कपडे तिथेच बदलतो. एका बादलीत झाकून आणतो, मागच्या मोरीत गरम पाण्यात वेगळे धुतो, स्वतःच. आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात येत नाही. डबा जाळीच्या बाजूला नाही, ऑफिसच्या खोलीत, दार लावून. साबणाने हात धुतल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. सॅनिटायझर नोरोवर नीट चालत नाही, म्हणून साबणच. मोबाइलला प्लास्टिकची पिशवी लावली आहे. तो मोबाइल मी इतके दिवस विसरलेच होते. घाण हातांनी धरायचा आणि मग कानाला, गालाला. लसीचा पहिला डोस शनिवारी आहे.

मुकादमाकडे त्याने आणि आणखी चौघांनी मिळून अर्ज दिला: एन ९५, तोंडावरची ढाल, आणि हात धुवायला जाळीजवळच नळ. सध्या नळ तीनशे पावलांवर आहे. इतक्या लांब कोण जाणार, झटकून शर्टाला हात पुसतात. उत्तर अजून आलेलं नाही. मी पुढच्या सोमवारी त्याच्याबरोबर जाणार आहे.

नागाळापार्क_बी
गुरुवार, रात्री १०.४०

खाट हलवली. वरच्या मजल्यावरच्या जिन्याखाली काकांना जागा केली, एक हीटर दिला. पाइप गच्चीवर न्यायचा खर्च मीटिंगमध्ये मांडला. दोघांनी विरोध केला, मग मी त्यांना खाली नेऊन छत दाखवलं. मंजूर झाला.

रात्रपाळी
शुक्रवार, पहाटे ५.१०

ताई, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. तुमी म्हणालासा वारा पाठीवर घ्या. रातच्याला वारा कळतच न्हाई कुठनं येतोय. म्हणून काल आमी जाळीच्या दांडीला जुन्या साडीचा काठ फाडून बांधलाय, वीतभर. लाल रंगाचा हाय, हॅलोजनच्या उजेडात लांबनं दिसतोय. त्यो जिकडं उडतोय तिकडं आता कोण हुबं ऱ्हात न्हाई. आज पाइप मारताना माझा जोडीदार पयल्यांदा माझ्या बाजूला येऊन हुबा ऱ्हायला.